गिरणीखालचा दगड आणि एक स्क्रू

माझ्या टेबलाच्या खणात एक पितळेची नळी आहे. वीतभर लांब, आत अंगठा सहज जाईल एवढी रुंद, एका बाजूला उभी चीर आणि वर कंपास ठेवायला छोटासा चौरंग. नवा विद्यार्थी आला की मी ती त्याच्या हातात देते आणि विचारते, "हे काय असेल?" एकाने पिचकारी म्हटलं होतं. एकीने बराच विचार करून पूजेच्या सामानातलं काहीतरी, असं सांगितलं. मी दोघांनाही चहा पाजला. खरं उत्तर सांगायला मला तासभर लागतो आणि तो तास मला फार आवडतो.

माझ्या विषयाला पुराचुंबकत्व म्हणतात. नाव ऐकून लोक पुढचा प्रश्न विचारत नाहीत, हा त्याचा एक फायदा. सोपं करून सांगायचं तर लाव्हा थंड होताना त्यातले लोहाचे बारीक कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकाप्रमाणे तोंडं वळवतात आणि दगड घट्ट झाला की तसेच अडकून बसतात. ते उत्तर-दक्षिण तर वळतातच, शिवाय खाली-वरही झुकतात. तो झुकाव विषुववृत्तापाशी वेगळा असतो, ध्रुवाकडे वेगळा. त्यामुळे आपला जन्म कुठल्या अक्षांशावर झाला हे दगडाच्या पोटात कायमचं राहतं. ते वाचता आलं की कुठला खंड कुठून कुठे सरकला ते कळतं. मुंबईचा काळा दगड सहा कोटींहून जास्त वर्षांपूर्वीचा. तो थिजला तेव्हा आपली ही जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती, आशियापासून कितीतरी लांब.

लालबागच्या आमच्या चाळीत हे समजावायला मला फारसे कष्ट पडले नाहीत. आमच्या मजल्यावर सगळी कोकणातली माणसं. नवा माणूस दारात आला की पाण्याचा तांब्या देण्याआधी विचारणार, "तुमचो गाव खंयचो?" शेजारच्या काकूंनी एकदा भर गॅलरीत जाहीर केलं, "आमचा ह्या चेडू दगडाक इचारता, बाबा रे, तुझो गाव खंयचो?" सगळी गॅलरी हसली. मी चिडले, दार आपटलं आणि पुढे वीस वर्षं प्रत्येक भाषणाची सुरुवात त्याच वाक्याने केली. काकूंचं ऋण मी कधी बोलून दाखवलं नाही, ते इथे दाखवते.

नळी माझ्या बाबांनी केली. बाबा परळच्या एका गिरणीत फिटर होते. साळखात्यातला एखादा साचा, म्हणजे कापड विणायचा माग, अडला की मेकॅनिक खात्यातून बाबांना बोलावणं जायचं. त्यांचे दोन नियम होते. पहिला, खूण केल्याशिवाय कुठलाही भाग काढायचा नाही. काढायच्या भागावर एक ठिपका आणि तो जिथे बसतो तिथे समोरासमोर दुसरा ठिपका, पंचने ठोकून. मग तो भाग परत बसवताना ठिपक्याला ठिपका भिडवायचा. दुसरा, काढलेला जुना भाग वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून ठेवायचा आणि मशीन आठवडाभर सुरळीत चालल्याशिवाय टाकायचा नाही.

मी अकरा वर्षांची असताना आईचं शिलाई मशीन खोललं होतं. आत काय आहे बघायचं होतं, एवढंच. जोडताना दोन भाग उरले. बाबा पाळीवरून आले, आईने तक्रार केली आणि मी मार खायची तयारी ठेवली. बाबांनी विचारलं, "खोललंस ते खोललंस. खूण कुठाय?" खूण नव्हती. तेव्हा मात्र ते भडकले. पंच आणि छोटी हातोडी माझ्या हातात देऊन त्यांनी मला त्या मशीनच्या प्रत्येक भागावर ठिपके ठोकायला लावले. आईच्या मशीनला देवी आल्यासारखे ठिपके पडले आणि ती ते कितीतरी वर्षं सगळ्यांना दाखवत राहिली.

पुढे कॉलेज झालं, भूभौतिकीत एम.एस्सी. झालं आणि संशोधनासाठी मी एका संस्थेत माझ्या मार्गदर्शक बाईंकडे रुजू झाले. बाई गिरगावातल्या एका वाडीत राहायच्या, बोलायला काटेकोर, वागायला त्याहून काटेकोर. पहिल्याच दिवशी त्यांनी मला एका टेकडीवर नेलं. दगडात पाण्याच्या धारेखाली पोकळ ड्रिल चालवून बोटाएवढी कांडी कापायची, पण ती मुळापासून मोडायची नाही. ती भोकात उभी असतानाच तिच्यावर नळी चढवायची, कंपासने तिची दिशा घ्यायची, ती किती कललीय ते मोजायचं आणि नळीच्या चिरेतून तारेने कांडीवर रेघ ओढायची. मगच कांडी मोडून बाहेर काढायची. बाई म्हणाल्या, "खूण केल्याशिवाय काढायची नाही. एकदा निघाली की तिला वरचं-खालचं काही सांगता येत नाही."

मला हसू आलं. बाईंना राग आला. मग मी त्यांना शिलाई मशीनची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "म्हणजे निम्मं शिक्षण घरीच झालंय. बरं झालं." एवढी स्तुती पुढच्या सहा वर्षांत त्यांनी पुन्हा केली नाही.

संस्थेत नळी एकच होती, परदेशी, आणि ती कायम कोणीतरी घेऊन गेलेला असायचा. तोवर बाबांची गिरणी बंद पडली होती. चिंचपोकळीला रेल्वेलाइनला लागून एका गाळ्यात लेथवर ते काम करायचे. मी कागदावर नळीचं चित्र काढून दिलं आणि बजावलं, "बाबा, लोखंडाचा कण नको. कंपास फसतो."

"पितळ चालेल?"

"पितळ चालेल."

आठ दिवसांनी नळी तयार झाली. बाईंनी ती उलटसुलट करून बघितली, दिव्यापुढे धरली, चिरेत नख घालून बघितलं आणि म्हणाल्या, "परदेशीपेक्षा बरी आहे. बाबांना माझा नमस्कार सांग." मी घरी जाऊन नमस्कार सांगितला. त्या दिवशी बाबांनी आईकडे दोनदा भात मागितला.

त्यानंतरच्या वर्षी बाबांच्याच गिरणीची जागा टॉवरसाठी खणायला घेतली. चिमणी पाडली होती, शेड उचलल्या होत्या आणि तळमजल्याखालच्या पार्किंगसाठी खोल खड्डा चालला होता. खड्ड्याच्या भिंतींत ताजा, न कुजलेला काळा दगड उघडा पडला होता. मुंबईच्या मधोमध असा दगड बघायला मिळणं म्हणजे आमच्यासाठी पर्वणी, कारण बाकी सगळीकडे वर शहर बसलंय. बाईंनी पत्र दिलं, तिथल्या इंजिनियरने मशीन बंद असतात ते तीन रविवार आम्हाला दिले. महिन्याभरात भिंतींवर काँक्रीट चढणार होतं. पुन्हा तो दगड कोणालाच दिसणार नव्हता.

बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी कॅलेंडरचं एक पान फाडलं आणि मागच्या बाजूला गेट, साळखातं, कँटीन, मेकॅनिक खातं असा नकाशा काढला. "तू कुठे भोकं पाडणार?" मी बोट ठेवलं. "तो आमच्या खात्याचा कोपरा," ते म्हणाले. मी म्हटलं, चला ना माझ्याबरोबर. तर म्हणाले, "मी काय आता खड्डा बघायला येऊ?" तो विषय तिथेच संपला.

पहिल्या रविवारी दुपारीच नळीवरचा चौरंग घसरायला लागला. तो पक्का धरणाऱ्या स्क्रूचे पितळी आटे झिजले होते. त्या दिवशीचं काम वाया गेलं. सोमवारी बाबा नळी गाळ्यात घेऊन गेले आणि संध्याकाळी नवा, चकचकीत स्क्रू लावून घेऊन आले. घट्ट बसत होता. पुढचे दोन रविवार मी खड्ड्याच्या पश्चिमेच्या आणि पूर्वेच्या भिंतीतून कांड्या काढल्या. एरवी आम्ही सूर्याच्या सावलीवरूनही दिशा पडताळतो, पण दोन्ही रविवारी मळभ होतं. तिसऱ्या रविवारी निघताना मी भिंतीवर हात ठेवून उगाचच जरा उभी राहिले. मला फार बरं वाटत होतं.

प्रयोगशाळेतलं काम सावकाशीचं. एकेक तुकडा टप्प्याटप्प्याने तापवायचा, त्यावर नंतर चढलेलं चुंबकत्व उतरवायचं आणि मूळचं काय उरतं ते मोजायचं. महिने गेले. पश्चिमेची भिंत आधी मोजून झाली आणि दिशा अपेक्षेपेक्षा दहा-बारा अंश फिरलेली निघाली. मी हरखले. परळचा हा तुकडा आजूबाजूच्या जमिनीपासून तुटून जागच्या जागी फिरलाय, असं अर्धं पान लिहूनही टाकलं. ते पान अजून माझ्याकडे आहे. डोक्यात हवा गेली की काढून वाचते.

मग पूर्वेची भिंत मोजली. तीही तेवढीच फिरलेली होती, पण उलट्या बाजूला. दोन भिंतींत एकच थर, मधे शंभरेक पावलांचं अंतर, आणि उत्तर कुठे यावर दोघींचं एकमत नाही. बाईंनी दोन्ही आलेख शेजारी ठेवले. "लाव्हा दोन उत्तरं देत नाही," त्या म्हणाल्या, "खोटं दुसरंच कोणीतरी बोलतंय. नळी तपासलीस?"

नळी तपासायची पद्धत साधी आहे. ज्या खुणेची दिशा माहीत आहे तिच्याकडे नळी धरायची आणि कंपास खरं बोलतो का बघायचं. कुठलीही दुरुस्ती झाली की हे करायचं, हा बाईंचा नियम होता. मी तो दर वेळी पाळला होता, त्या सोमवारी सोडून. कारण दुरुस्ती बाबांनी केली होती. बाबांनी केलेलं काय तपासायचं? मला ते सुचलंसुद्धा नव्हतं.

आम्ही संस्थेच्या गच्चीवर नळी तपासली. अगदी निर्दोष. बाईंनी मला नीट निरखून विचारलं, "खड्ड्यातल्या कामानंतर हिला कोणी हात लावलाय?"

त्या संध्याकाळी मी बाबांना सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाबा, नळीचा स्क्रू परत बदललात का?"

"बदलला ना. गणपतीच्या आधी. तेव्हा घाईत स्टेनलेसचा लावलेला. पितळेचा चांगला रॉड मिळाला, म्हटलं आता बरोबरचा लावू."

"स्टेनलेसचा?"

"अगो, चुंबक लावून बघितलेलं. रॉडला चिकटत नव्हतं. म्हणून तर लावला."

त्यांचं खरं होतं. चांगल्या स्टेनलेसला चुंबक लागत नाही, हे कुठलाही फिटर सांगेल. पण त्याच रॉडवर न तापवता आटे पाडले, त्याचं टोक ठोकून चपटं केलं की त्याचा स्वभाव बदलतो आणि त्याला चुंबक लागायला लागतं. बाबांनी चुंबक लावलं ते आधी, ठोकल्यावर नाही. ही चूक अडाण्याच्या हातून होत नाही. अडाणी माणूस चुंबक लावूनच बघत नाही. मी "बरं" म्हणाले आणि जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी बाईंना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तोच स्क्रू, त्याच जागी, त्याच बाजूने बसवता आला, तर कुठल्या दिशेला कंपास किती फसतो ते मोजता येईल. तेवढं वजा करायचं. पण तोच हवा, आणि तसाच हवा. अर्धा फेरा इकडेतिकडे झाला तरी माझा विश्वास बसणार नाही."

"आणि नसला तर?"

"तर सगळ्या कांड्या रद्द. तो खड्डा काही काँक्रीट फोडून परत मिळणार नाहीये." माझी शिष्यवृत्ती संपायला काही महिने उरले होते आणि प्रबंधाचं मुख्य प्रकरण त्या खड्ड्यावर उभं होतं. हे दोघींनाही ठाऊक होतं.

चार दिवस मी घरी गप्प होते. खरं सांगायचं तर मला प्रबंधापेक्षा बाबांचीच धास्ती होती. गिरणी गेली, पाळी गेली, गेटवरचा मान गेला. उरला होता तो हात, आणि त्या हाताने केलेल्या नळीला बाईंनी नमस्कार सांगितला होता. आता त्याच हाताने माझं काम बिघडवलं असं मी कोणत्या तोंडाने सांगणार? पण न सांगता तो स्क्रू मागायचा तरी कसा? आई म्हणाली, "आमटीत मीठ नाय तरी तू बोलली नाहीस. काय झालंय?" मी तिच्यावरच खेकसले.

पाचव्या दिवशी बाबा गॅलरीत पेपर वाचत होते. मी शेजारी स्टूल ओढलं आणि एका दमात सगळं सांगितलं. आटे, चुंबक, दोन भिंती, काँक्रीट. मधेच मी रडायला लागले. ते ऐकत राहिले. पेपरची घडी केली, पुन्हा उलगडली, पुन्हा केली.

"म्हणजे माझ्यामुळे," ते म्हणाले.

"तपासायचं काम माझं होतं. मी तपासलं नाही."

"ते तुझं झालं. माझं माझ्याकडे." मग ते उठले. मला वाटलं, आता चपला घालून खाली जातील आणि दोन तास परत येणार नाहीत. पण ते आत गेले आणि पोटमाळ्यावरून बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा खाली काढला.

डब्यात वर्तमानपत्राच्या पुड्या होत्या. एक जड पुडकं त्यांनी बाजूला ठेवलं. खालून एक चिमुकली पुडी काढली. तिच्यावर बॉलपेनने लिहिलं होतं, "बायची नळी. स्टेन. स्क्रू." घरात मला बाय म्हणायचे. आत तो स्क्रू होता आणि त्याच्या डोक्यावर, कडेला, एक ठिपका.

मी नळी आणली. चौरंगाच्या खाली, जिथे मी इतके दिवस बघूनही काही बघितलं नव्हतं, तिथे पितळेत दुसरा ठिपका होता.

"काढायच्या आधी केलेला," बाबा म्हणाले. "मशीन नीट चाललं की नाय ते तू कुठे सांगितलंस मला? म्हणून टाकला नाय."

मी त्यांना मिठी मारली. आमच्या घरात तशी पद्धत नव्हती. ते अवघडून उभे राहिले आणि "स्क्रू पडेल, स्क्रू पडेल" म्हणत राहिले.

कंपासची चूक अंशन् अंश मोजायला संस्थेची गच्ची चालणार नव्हती, अशी जागा हवी होती जिथे खाली लोखंड नाही, वर तारा नाहीत. मुंबईत ती कुठे मिळायची? बाईंनीच वडाळ्याची मिठागरं सुचवली. एका स्वच्छ उन्हाच्या सकाळी आम्ही तिघं तिथल्या बांधावरून चालत गेलो. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी लाकडाची एक फिरती बैठक करून आणली होती, एकही खिळा न वापरता, सगळे सांधे खाचेचे, आणि कडेने दहा-दहा अंशांच्या खुणा.

सुरू करण्याआधी बाई म्हणाल्या, "अंगावरचं लोखंड उतरवा." मी घड्याळ आणि किल्ल्या काढल्या. बाईंनी अंबाड्यातले आकडे काढले, पदराची सेफ्टीपिन काढली, बांगडीत अडकवलेल्या आणखी तीन काढल्या. बाबांच्या पट्ट्याला स्टीलचं बक्कल होतं. त्यांनी पट्टा सोडला आणि खिशातून सुतळी काढून पँटला बांधली. "विचार करून आलेलो," ते म्हणाले. बाई इतक्या हसल्या की त्यांचे मोकळे केस तोंडावर आले. तसं हसताना मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं. सगळं लोखंड पिशवीत भरून बाबा लांबच्या बांधावर ठेवून आले, एका हाताने सुतळी धरून.

बाबांनी ठिपक्याला ठिपका भिडवून स्क्रू बसवला. मग ते दहा अंश फिरवायचे, मी कंपास वाचायची, बाई सावलीवरून खरी दिशा काढून वहीत लिहायच्या. पूर्ण फेरा झाला की पुन्हा पहिल्यापासून, असं तीनदा. कंपासची चूक हळूहळू वाढत गेली, मग उतरली, शून्याखाली गेली आणि पुन्हा वर आली. तिन्ही वेळा तशीच. नळीचं तोंड पूर्वेकडे असताना एका बाजूला, पश्चिमेकडे असताना उलट बाजूला, अगदी त्या दोन भिंतींसारखी. बाईंनी वही मिटली. "चुकतो, पण नेमाने चुकतो," त्या म्हणाल्या. "चालेल."

पुढच्या आठवड्यात मी तेवढे अंश वजा केले आणि दोन्ही भिंती एकमेकींवर येऊन बसल्या. परळ फिरलं नव्हतं. ते बाकीच्या मुंबईबरोबर गुमान उत्तरेकडे सरकत आलं होतं.

बाबांना मी नकाशा काढून दाखवला. त्यांनी त्यावर बोट ठेवलं. "म्हणजे आमच्या खात्याची जमीन इथे होती, समुद्रापलीकडे?" मी हो म्हटलं. "एवढ्या लांबून चालत आली," ते म्हणाले, "आणि गिरणी बंद पडली ती इथे येऊन." मग स्वतःच हसले.

शोधनिबंध तयार झाला. त्यात बाईंनी आणि मी एक सभ्य वाक्य घातलं होतं की उपकरणातील विचलनाची दुरुस्ती करण्यात आली आहे. बाबांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मी वाक्य-वाक्य मराठीत सांगत होते. त्या वाक्यापाशी त्यांनी थांबवलं.

"स्क्रूचं कुठे लिहिलंयस?"

"हेच ते."

"ह्यात स्क्रू नाय, स्टेनलेस नाय, कोणी लावला ते नाय. आमच्या खात्यात वही होती. साचा कशाने अडला, कोणाच्या हातून, काय केलं, सगळं लिहून सही करायची, तेव्हाच पाळी सुटायची. लिहिलं नाय तर पुढच्या पाळीवाल्याला कळणार कसं?"

मी म्हटलं, बाबा, तुमचं नाव चुकीशी जोडलेलं राहील छापील कागदावर, कायमचं. ते म्हणाले, "माझ्या हातून झालीय. सही माझीच येणार." बाईंना सांगितलं तर त्यांनी पेन उघडलं आणि ते सभ्य वाक्य खोडलं. मग आम्ही सगळं लिहिलं. रॉडला चुंबक लागत नव्हतं, आटे पाडल्यावर लागायला लागलं. दुरुस्तीनंतर नमुने काढणारीने तपासणी केली नाही. ज्या फिटरने स्क्रू बसवला, त्यानेच तो काढण्याआधी खूण करून जपून ठेवला, म्हणून ही मोजणी शक्य झाली. खाली आभारात बाबांचं पूर्ण नाव, आणि पुढे त्यांच्या आग्रहावरून, फिटर, मेकॅनिक खातं.

बाबा जाऊन आता काही वर्षं झाली. चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा खोली रिकामी करताना तो डबा माझ्याकडे आला. बाजूला ठेवलेलं जड पुडकं मी तेव्हा उघडलं. आत साच्याचं एक दातेरी चाक होतं, ठिपका मारलेलं, आणि कागदावर शेवटच्या पाळीची तारीख. तो साचा पुन्हा चालू झाला नाही, म्हणून बाबांनी चाक टाकलं नव्हतं. मी ते तसंच परत गुंडाळून ठेवलंय. खड्ड्याच्या जागी आता काचेचा टॉवर आहे आणि बाबांच्या खात्याच्या कोपऱ्यात, तळघरात, गाड्या उभ्या असतात. तिथून जाताना मला वाईट वाटतं, नाही असं नाही. पण त्या दगडाने मला जे दिलं ते आठवतं आणि वाईटापेक्षा बरंच जास्त वाटतं.

या सगळ्यातलं मला एक पत्र फार मोलाचं आहे. निबंध छापून आला त्याच्या पुढच्या वर्षी ते आलं, दूरच्या देशातल्या एका अनोळखी संशोधकाचं. त्याने लिहिलं होतं की तुमचा तो परिच्छेद वाचून आम्ही आमची नळी तपासली. आमचाही एक स्क्रू दुरुस्तीत बदललेला, स्टेनलेसचा, आणि आमचाही कंपास फसत होता. तीन वर्षांचं काम त्यावर उभं आहे. तुमच्या फिटरचे आमच्या सगळ्यांतर्फे आभार माना.

मी धावत घरी गेले आणि बाबांना पत्र वाचून दाखवलं. ते खुर्चीत ताठ बसून ऐकत होते. आई म्हणाली, परदेशातून आभार आले, आता तरी जरा हसा. पण बाबांचं लक्ष दुसरीकडेच होतं.

"बदलला त्यांनी स्क्रू?" त्यांनी विचारलं.

"हो, लगेच बदलला म्हणतात."

"जुना ठेवलाय ना? काढायच्या आधी खूण केलेली का, ते विचार त्याला. आत्ता विचार."

मी त्याच दिवशी लिहून विचारलं. आठवड्याने उत्तर आलं. स्क्रू होता, पण खूण केली नव्हती. बाबा ते ऐकून कितीतरी वेळ हळहळत राहिले.